पहिली फळी

५ जाने., रवि.

चहाबरोबर विक्रीच्या ॲपवर आमच्या बॅटचे रिव्ह्यू वाचले. नाशिकचा एक जण लिहितो, ‘बॅट अजून वापरली नाही. पाच स्टार.’ पुण्याची एक बाई: ‘मुलाने घरात खेळताना टीव्ही फोडला. बॅटला ओरखडासुद्धा नाही. चार स्टार.’ कापलेला एक स्टार टीव्हीचा असावा. पहिल्याला उत्तर टाकलं, वापरून पाहा. दुसरीला, मैदानात पाठवा.

सासूबाईंना रोज वाचून दाखवावं लागतं. बॅटवर त्यांचं नाव आहे ना. "आज काय लिवलाय माज्या नावावं?" हा सकाळचा प्रश्न. र.ने बॅटला ‘तारामती’ नाव दिलं तेव्हा त्या रुसून बसल्या होत्या. आईचं नाव कोण लाकडाला देतं? पोरं आपटतील, फेकतील. आता कुणी ‘तारामतीने धू धू धुतला’ असं लिहिलं की परत वाच म्हणतात.

र. म्हणजे रमाकांत. तोंडावर अहो, इथे एकेरी. वही माझी आहे.

संध्याकाळी रुपेशला फोन केला. सख्खा धाकटा भाऊ, अकलोलीच्या संघाचा. टेनिस बॉलच्या मॅचेसमध्ये पोरं त्याच्या नावाचे टी-शर्ट घालून येतात, आणि हा खेळतो बाहेरच्या कंपनीच्या बॅटने. ते शूज देतात, किट देतात, फोटो काढतात. म्हटलं, "बहिणीच्या घरची बॅट हातात घ्यायला लाज वाटते का रे?"

"ताई, इमोशनल नको ना करू. जिजूंना सांग, बनवा एक. हातात बसली तर बघू."

रुपेशचं ‘बघू’ म्हणजे अर्धं हो. बाबांशी बोलायचं राहिलं, ते गरम पाण्याच्या कुंडावर गुडघे शेकायला गेले होते.


९ जाने., गुरु.

काश्मीरहून विलोच्या फळ्या आल्या. टोकांना मेण लावलेलं, शेडभर कोऱ्या लाकडाचा वास. सासऱ्यांच्या वेळी या शेडमध्ये कापडाचे लूम होते, ते भंगारात गेले. जमिनीतले बोल्ट अजून आहेत. माझ्या पायाला ठेच लागते, र.च्या कधीच नाही.

माल आला की जितू येतो. जितू भोईर, आमच्या कोन गावच्या संघाचा कॅप्टन, र.चा बालवाडीपासूनचा दोस्त. ढिगासमोर उकिडवा बसतो, एकेक फळी बोटाच्या पेराने ठोकतो, कान लावतो, मान हलवतो. शेवटी एक बाजूला काढतो. त्याची बॅट तिचीच होते, बाकीच्यांच्या त्यानंतर. मग चहा. मग दोघं नुसते बसून राहतात. मला तो निव्वळ टाइमपास वाटतो.

यावेळी आला नाही. टेम्पोत कापड भरून सुरतला गेलाय. र. सारखा दारापर्यंत जाऊन येत होता. मी म्हटलं, "अहो, येईल तेव्हा येईल, तुम्ही काम सुरू करा." तो परत दारात जाऊन आला. मी पार्सलं घेऊन भिवंडीत धामणकर नाक्याला कुरिअरवाल्याकडे गेले. रिक्षात एका मावशींनी माझ्या मांडीवर कोंबडीची पिशवी ठेवली आणि ‘जिवंत हाय’ एवढंच सांगितलं.


१२ जाने., रवि.

रुपेश आला. र.ने त्याला आधी नुसताच उभा केला. स्टान्स घ्यायला लावला, मागून पाहिला, बाजूने पाहिला, मनगट धरून वळवलं. रुपेश हसत होता, "जिजू, टेलरकडे आल्यासारखं वाटतंय." मग रंधा सुरू. र. काम करताना बोलत नाही, त्यामुळे व्हिडिओ छान निघतो. फळीवरून पातळ ढलप्या उडतात, त्या कॅमेऱ्यात चांगल्या दिसतात. शेवटी रुपेशने हातात घेतली, एक ड्राइव्ह मारून दाखवला, आणि तोंडातून फक्त "आयला" निघालं. ते मी कापलं नाही.

रील टाकली. खाली काय लिहावं सुचेना. ‘हस्तनिर्मित बॅट’ सगळेच लिहितात. ‘प्रेमाने बनवलेली’ पण सगळे लिहितात. मग सुचलं: ‘नव्या मालातली पहिली फळी. खास रुपेशसाठी.’

झकास वाटलं. वाचणाऱ्याला आपोआप दुसरी, तिसरी हवीशी वाटते.


१९ जाने., रवि.

रुपेश पडघ्याकडच्या एका स्पर्धेत आमच्या बॅटने खेळला. लाइव्ह घरी बघितलं. कॉमेंटरीला फारूकभाई होते. धामणकर नाक्याला त्यांचं स्टिकरचं दुकान, आमचे स्टिकर तेच छापतात, आणि रविवारी माईक धरतात. "ये गेला, गेला, गेला... झाडाच्या पलीकडे! बोलो कौन? तारामती!" सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. रडत होत्या की हसत, कळलं नाही.

ऑर्डरींनी फोन तापला. र. टीव्हीकडे बघून एवढंच बोलला, "खांदा लवकर उघडतोय." भाऊ माझा सिक्स मारतोय आणि ह्याला खांदा दिसतो.


२२ जाने., बुध.

कप्पाळ माझं.

पडघ्याच्या मैदानावर रुपेशने आमच्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना गाठून रिव्ह्यू लिहायला लावले होते. मी सांगितलं नव्हतं, त्याची स्वतःची हौस. तिथे रेंज नाही. एकाच्या फोनला होती, तर तो फोन हातोहात फिरला. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून लॉगिन केलं आणि लिहिलं. सगळे पाटील, म्हात्रे, भोईर, तरे. आज ॲपने ते रिव्ह्यू उडवले. ‘एकाच कुटुंबातील व्यक्तींनी दिलेले अभिप्राय ग्राह्य धरले जात नाहीत.’

कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी.

"मॅम, सब पाटील हैं।"

"हां, गांव है।"

"लेकिन मॅम, फोन भी एक ही है।"

"रेंज उसी में थी।"

"मॅम, मैं आपकी परेशानी समझ सकती हूं।"

अजिबात समजू शकत नव्हती. खरी माणसं, खऱ्या बॅटा, खरी मतं, आणि सगळं खोटं ठरलं. आता पानावर उरलेत टीव्हीवाली बाई, न वापरलेला नाशिककर आणि इतर फुटकळ.


२ फेब्रु., रवि.

आमच्या गावची स्पर्धा. फायनल कोन विरुद्ध अकलोली. म्हणजे माझं सासर विरुद्ध माझं माहेर. सासूबाई सकाळीच म्हणाल्या, "तू आज टाली वाजवू नको, कोनाला पन." म्हणजे कुणालाच टाळी नाही. बरं.

शेवटची ओव्हर जितूने स्वतः टाकली. समोर रुपेश. शेवटचा चेंडू रुपेशने भाताच्या खाचरात भिरकावला आणि कप अकलोलीला गेला. मी टाळी वाजवली नाही. हात मांडीखाली दाबून बसले होते.

इथवर ठीक होतं. हार-जीत काय, होतेच. पण बक्षिसाच्या वेळी फारूकभाईंनी रुपेशपुढे माईक धरला आणि नेहमीचा प्रश्न टाकला, "बॅट कोणती, भाई?"

रुपेशने बॅट डोक्यावर धरली. "तारामती! आमच्या जिजूंची! नव्या मालातली पहिली फळी, खास माझ्यासाठी!"

माझं वाक्य. जसंच्या तसं. गावभर कर्णे लावले होते.

टाळ्या अकलोलीवाल्यांच्याच. मी जितूकडे पाहिलं. तो बुटाच्या नाड्या सोडत होता. नाड्या सोडणं सोडून त्याने र.कडे पाहिलं, आणि र.ने जमिनीकडे. मग जितूने बूट काखेत मारले आणि बक्षीस न घेताच गेला. रनर-अपचा कप संघातल्या दुसऱ्या कुणीतरी घेतला.

घरी र. जेवला. पूर्ण जेवला. मग विचारलं, "पहिली फळी, हे त्याला कोणी सांगितलं?"

म्हटलं, "मी रीलवर लिहिलं होतं. जाहिरात हो. असं लिहितात."

"हं."

नवऱ्याच्या ‘हं’ची मला भीती वाटत नाही. आज वाटली.


३ फेब्रु., सोम.

सकाळी र.ने शेडमध्ये बोलावलं. टेबलाच्या मागे, भिंतीशी, गोणपाटाखाली एक फळी उभी होती. सरळ रेषांची, एक डाग नाही. मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं: जि.

"ही पहिली. माल आला त्याच दिवशी ठोकून काढली. जितू नव्हता म्हणून मीच काढली. महिनाभर सुरतच्या फेऱ्या, त्याला शेडमध्ये यायला फुरसत नव्हती. रुपेशची दुसरी."

मी तिथेच बोल्टवर बसले. म्हणजे जे मी लिहिलं ते खोटं, आणि जे जितूने ऐकलं ते पण खोटं, आणि खरी गोष्ट गोणपाटाखाली.

"अहो मग जाऊन सांगा ना त्याला! दोन मिनिटांचं काम."

"मी का सांगू? त्याने विचारायला पाहिजे होतं."

"तो कसा विचारेल? त्याचा अपमान झालाय."

"माझा नाही झाला? इतकी वर्षं बघतोय मला. एका माईकवर विश्वास ठेवला."

दोन्ही पुरुष चाळिशीला आले. मला दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याआधी माझ्या स्वतःच्या.

रील काढून टाकली. उपयोग शून्य. तोपर्यंत गावातल्या अर्ध्या लोकांच्या स्टेटसला होती.


६ फेब्रु., गुरु.

ऑर्डरींत एक नाव बघून खुर्चीतून उठले. जितेंद्र भोईर, मु. कोन. पूर्ण पैसे आधीच भरलेले. शेडपासून त्याचं घर हाकेच्या अंतरावर. आजवर एक बॅट विकत घेतली नाही पठ्ठ्याने, र. घेऊ द्यायचाच नाही.

मला बरं वाटलं. म्हटलं, राग गेला, आता मुद्दाम गिऱ्हाईक बनून मस्करी करतोय. र.ला दाखवलं. त्याने तयार बॅटांच्या रॅकमधून एक काढली, परत ठेवली, दुसरी काढली. ग्रिपवर आणखी एक ग्रिप चढवली. जितूचा पंजा मोठा, त्याला दांडा जाड लागतो. चिठ्ठी नाही, काही नाही.

ॲपचा नियम म्हणजे नियम. पार्सल धामणकर नाक्याला नेऊन कुरिअरला दिलं. तिथून ते कुठल्याशा गोडाऊनला जाणार आणि फिरून कोनलाच येणार. कुरिअरवाला पत्ता बघून म्हणाला, "मॅडम, ये तो आपके बाजू में है।" म्हटलं, हो, आहे.


११ फेब्रु., मंगळ.

मस्करी नव्हती.

‘लाकूड बरा हाय. बनवनारा गावाचा ऱ्हायला नाय. पयली फली पावन्याला. एक स्टार.’

खाली हिरव्या अक्षरांत: खात्रीशीर खरेदी. तेवढ्यासाठी त्याने बॅट विकत घेतली. ज्याने विकत घेतलंय त्याचाच रिव्ह्यू ॲप धरतं, हे त्याला मीच एकदा चहा पिताना समजावलं होतं. बाकीचे भोईर उडवले, हा भोईर टिकला. शिवाय ‘उपयुक्त वाटले’ला गावाने रांग लावली, त्यामुळे आमच्या पानावर आता सगळ्यात वर तोच दिसतो. टीव्हीवाली बाई खाली गेली.

सासूबाईंना वाचून दाखवणार नव्हते. पण त्यांनी माझं तोंड बघितलं. वाचलं. मग म्हणाल्या, "जितूला मी न्हाऊ घातलाय. रमाकांतच्या बरोबर. एकाच बादलीत."

र. शेडमध्येच होता. पॉलिशपेपर घासत होता, बॅट केव्हाच गुळगुळीत झालेली. "वाचलं का?" विचारलं तर म्हणाला, "लाकूड बरं म्हणालाय ना."


१३ फेब्रु., गुरु.

प्रत्येक रिव्ह्यूला चोवीस तासांत उत्तर, हा माझा नियम. मोडला. सकाळपासून लिहिते आणि खोडते.

‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.’ खोडलं. हे वाचून तो घरी येऊन शिव्या देईल. दिल्या तर बरंच होईल खरं.

‘काहीतरी गैरसमज झाला आहे.’ खोडलं. गैरसमज झालेला नाही, मी करून दिलाय.

‘भावोजी, एकदा घरी या.’ खोडलं. घरी यायचं असतं तर त्याने बॅट कुरिअरने कशाला मागवली असती.


१४ फेब्रु., शुक्र.

चक्कीवर जितूची बायको रेश्मा भेटली. दळण होईपर्यंत तिला सगळं सांगितलं. फळी, पेन्सिल, गोणपाट, माझी रील. ती पिठाचा हात गालाला लावून ऐकत राहिली. "वैनी, मी सांगते त्यांना. पन ते आयकतील असा नाय."

संध्याकाळी तिचा फोन. जितूने ऐकून घेतलं. म्हणाला, "माईकवर बोल्ला ता अख्ख्या गावानी आयकला. आता कानात सांगून काय फायदा?"

यात चूक काय आहे? काहीच नाही. मला राग आला तो याचाच. सगळ्यांसमोर लागलेली गोष्ट चक्कीवर मिटत नाही.

र.ला सांगितलं की मी रिव्ह्यूखाली खरं लिहिते. र. पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलला. "नको. रुपेश सगळीकडे पहिली फळी सांगत फिरतोय. त्याची दुसरी होती असं तू लिहिणार? भाऊ आहे तुझा. आणि ऑर्डरी कुणामुळे येतायत?"

"आणि जितू?"

"जितूचं मी बघतो."

तू काय बघणार रे? तू पॉलिशपेपर घासणार.


१६ फेब्रु., रवि.

लिहिलं. रील टाकताना विचारलं नव्हतं, हेही न विचारता.

‘नमस्कार भावोजी. पहिली फळी पाहुण्याला दिलेली नाही. ती शेडमध्ये आहे, माल आला त्या दिवसापासून. मागे ‘जि’ लिहिलंय, यांच्या हाताने. रीलवर ‘पहिली’ हा शब्द मी टाकला, जाहिरातीसाठी, कुणाला न विचारता. रुपेशची दुसरी होती. तुमची घेऊन जा. सुजाता, तारामती बॅट्स.’

पाठवलं. चपात्या लाटायला बसले.

दुपारी र. आला, फोन हातात. त्याला कुणीतरी दाखवलं असणार. ओट्याशी उभा राहिला. मी मान वर केली नाही.

"‘दुसरी’ हा शब्द टाळता आला असता."

"नाही आला."

पाणी प्यायला आणि गेला. रागावला असता तर कळलं असतं.


१७ फेब्रु., सोम.

रुपेशचा फोन सकाळी सात वाजता. हा माणूस दहाच्या आधी उठत नाही.

"ताई, पोरं मला ‘दुसरी फळी’ म्हणून हाका मारतायत. ग्रुपवर माझा फोटो, त्याच्यावर मोठा दोनचा आकडा. तुला एक फोन करता आला नाही?"

म्हटलं, "करायला हवा होता. चुकलं. पण रुप्या, बॅट तीच आहे ना? सिक्स तिनेच गेले ना?"

"सिक्स मी मारले."

हे मात्र खरं. पुढे म्हणाला, कंपनीवाले परत बोलावतायत, शूज पाठवलेत, या रविवारपासून तिकडे. जिजूंना सॉरी सांग. मी म्हटलं, सांगते. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. धंदा गेला म्हणून नाही. मी त्याला कडेवर घेऊन वज्रेश्वरीच्या जत्रेत फिरवलंय, आणि त्याचं हसं मी केलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

जितूकडून काही नाही. एक स्टार तिथेच. त्याच्याखाली माझं उत्तर, आणि उत्तराखाली गाव जमलंय. कुणी ‘शाबास वैनी’, कुणी ‘फळीचा फोटो टाका’, एकाने नुसती हात जोडलेली खूण.


१९ फेब्रु., बुध.

गिऱ्हाइकांचं डोकं कुठे चालेल सांगता येत नाही. आता ऑर्डर देताना विचारतात, "माझी कितवी फळी?" सांगलीच्या एकाला म्हटलं, आम्ही नंबर घालत नाही. म्हणाला, "मग भोईरांची कशी ठेवली?" त्याला काय सांगू.

ऑर्डरी कमी झाल्या, ते उघड आहे. रुपेशचा नवा फोटो आला, कंपनीची बॅट, नवे शूज. बरा दिसतोय. फोटोला लाइक करावं की नाही यावर अर्धा तास घालवला. केलं.

र. त्या फळीला हात लावत नाही. म्हटलं, "बनवून तरी ठेवा, घरी पोचती करू." म्हणाला, "तो समोर उभा नसताना कशी बनवू?" कोन-कल्याण रस्त्यावर दोघं समोरासमोर आले होते म्हणे परवा. जितू टेम्पोत, र. बाइकवर. दोघांनी हॉर्न वाजवला आणि दोघं निघून गेले. हॉर्न वाजवला ही प्रगती आहे असं सासूबाईंचं मत.


२३ फेब्रु., रवि.

आज गावचा संघ बाहेर खेळायला गेला. र. गेला नाही, कधी नव्हे तो. "शेडमध्ये काम आहे." मी मुद्दाम लाइव्ह मोठ्या आवाजात लावलं. शेडमध्ये घासण्याचा आवाज थांबला, मग तो दारात येऊन उभा राहिला, हातात रंधा, जणू रंध्यालाच मॅच बघायची होती.

जितू बॅटिंगला आला. बॅटवर स्टिकर नाही. खरवडून काढलेला, गोंदाचे पांढरे डाग दिसत होते. मी म्हटलं, "बघा, कुठली तरी दुसरीच आणली."

र. टीव्हीजवळ गेला. नाक लागेल इतका. "दांडा बघ."

जाड होता. ग्रिपवर ग्रिप.

आमचीच. शिव्या घालायला विकत घेतलेली, कुरिअरने फिरून आलेली, एक स्टारवाली. सासूबाईंनी विचारलं, "काय झाला?" जितूने पहिला चेंडू नुसता ढकलला. दुसरा कव्हरवरून बाहेर. आवाज टीव्हीतूनसुद्धा कळला. र.च्या तोंडून "हां" निघालं. त्यानंतर त्याने रंधा खाली ठेवला आणि सतरंजीवर मांडी घालून बसला.

कोन जिंकलं. मॅन ऑफ द मॅच जितू. फारूकभाईंनी माईक पुढे धरला. फारूकभाईंना सगळं माहीत आहे, अख्ख्या भिवंडीला माहीत आहे, पण प्रश्न त्यांनी टाकलाच. जरा थांबून टाकला. "जितूभाई, बॅट कोणती?"

जितूने बॅट वर केली नाही. पायाशी टेकवलेली तशीच ठेवली. खाली बघत म्हणाला, "गावची हाय."

बस्स. माईक सोडून चालायला लागला.

र. उठून मोरीत गेला. तोंड धुतलं, परत धुतलं. बाहेर आला तेव्हा डोळे लाल. मी विचारलं नाही. सासूबाईंनी विचारलं, "साबन गेला का रं डोल्यात?" तो म्हणाला, "हो आई."


२४ फेब्रु., सोम.

सकाळी पान उघडलं. जितूचा रिव्ह्यू सगळ्यात वरच. शब्द तेच, बनवणारा गावाचा राहिला नाही वगैरे, एक अक्षर बदललेलं नाही. फक्त एक स्टारचे दोन झालेत.

मी र.ला दाखवलं. त्याने पाहिलं आणि हसला. कितीतरी दिवसांनी.

सासूबाई म्हणाल्या, "दोनच?"

"जितू आहे तो, आई," र. म्हणाला. चहा अर्धा टाकून शेडमध्ये गेला.

पार्सलं घ्यायला गेले तेव्हा फळी गोणपाटाखाली नव्हती. टेबलावर आडवी ठेवलेली, धूळ पुसलेली, रंधा शेजारी. लाकडाला हात लावलेला नाही. शेडचं मोठं दार, जे धूळ येते म्हणून आम्ही कायम बंद ठेवतो, ते सताड उघडं होतं.

मी धामणकर नाक्याला जाऊन आले. दार अजून उघडंच आहे.